पर्यायी मार्गाचा अवलंब करावा

पुण्यात राहणाऱ्या माणसाला 'अल्टरनेटिव्ह' या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. दर चौथ्या चौकात फलक उभा असतो : 'पुढे काम चालू आहे. पर्यायी मार्गाचा अवलंब करावा.' आपण निमूटपणे अवलंब करतो. पाच मिनिटांत कळतं, की अख्ख्या शहराने त्याच मार्गाचा अवलंब केला आहे. ज्या मूळ रस्त्यावर काम चालू आहे तिथे मात्र एक रोडरोलर, दोन कुत्री आणि एक मुकादम सावलीत शांत पहुडले आहेत.

अल्टरनेटिव्ह रॉक नावाच्या संगीताचं अगदी हेच झालं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या पोरांनी चालवलेली छोटी रेडिओ केंद्रं होती. मोठ्या केंद्रांना जे नको ते या केंद्रांवर वाजायचं. जॉर्जियातल्या अथेन्स गावचे आर. ई. एम., बॉस्टनचे पिक्सीज, न्यूयॉर्कचे सॉनिक यूथ, अशी मंडळी. गल्ली अरुंद, वर्दळ कमी, सगळे एकमेकांना ओळखणारे. मग २४ सप्टेंबर १९९१ ला निर्वाण नावाच्या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्डच्या यादीत त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून पहिला नंबर पटकावला. त्यानंतर त्या गल्लीत ट्रक, लग्झरी बस, वरात, काय काय शिरलं म्हणून सांगू. ग्रॅमीवाल्यांनी तर त्याच्या आदल्याच वर्षी 'अल्टरनेटिव्ह'साठी वेगळं बक्षीस सुरू केलं होतं. ते पहिलंच बक्षीस शिनेड ओ'कॉनर या गायिकेला जाहीर झालं आणि तिने ते घ्यायला नकार दिला. गल्लीची अब्रू तेवढी तरी राहिली.

मी या गल्लीत १९९२ च्या दिवाळीत शिरलो आणि अजून बाहेर आलेलो नाही. आता माझं वय एकोणपन्नास आहे. गुडघे त्याहून मोठे आहेत.

आमच्या केबलवाल्याने त्या दिवाळीला एमटीव्ही सुरू केला. सोळाव्या वर्षी, चिवड्याची वाटी हातात असताना, मी एक पिवळट उजेडातली शाळेची व्यायामशाळा पाहिली. तिच्यात एक विस्कटलेल्या केसांचा मुलगा गिटार घेऊन, दाढदुखी असल्यासारखा ओरडत होता. तो काय म्हणत होता ते मला कळलं नाही. पण तो जे म्हणत होता ते दहावीचे मार्क, अकरावीची ॲडमिशन आणि घरातली एकूण शिस्त यांबद्दल आहे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. त्या गाण्याच्या नावात एका डिओडरंटचा ब्रँड आहे हे मला नंतर कळलं. तो मुलगा म्हणजे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन. त्याच्या एका मैत्रिणीने गंमत म्हणून भिंतीवर लिहिलं, की कर्टच्या अंगाला 'टीन स्पिरिट'चा वास येतो. कर्ट कोबेनला ती बंडाची घोषणा वाटली. असं काही डिओडरंट असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. एका अख्ख्या पिढीचं राष्ट्रगीत काखेच्या फवाऱ्यावरून सुचलं, हे मी घरात कधी कुणाला सांगितलं नाही.

घरात म्हणजे मुख्यतः नानांना. नाना, आमचे वडील, जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. संगीताच्या बाबतीतही त्यांना कागद व्यवस्थित लागत. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पर्यायी म्हणजे कशाला पर्यायी? प्रतिवादी कोण?" मला सांगता येईना. दुसरा प्रश्न, "आणि हे नाव काय? निर्वाण म्हणजे विझणं, शांत होणं. हे कधी शांत होणार?" तिसरा प्रश्न नव्हता, आदेश होता.

नानांचं म्हणणं, एक शब्द कळत नाही. मी म्हणालो, "तुम्हाला तरी बंदिशीतले शब्द कुठे कळतात? गेली वीस वर्षं तुम्ही एक बंदिश ऐकताय, तिच्यात 'ननदिया' आहे की 'नदिया' आहे, यावर तुमचं आणि आत्याचं अजून एकमत नाही." या मुद्द्यावर मी जिंकलो, असं मला आजही वाटतं. आर. ई. एम.च्या १९८३ मधल्या पहिल्या अल्बमचं नावच मुळी 'मर्मर', म्हणजे पुटपुट. गायकाने काय म्हटलंय यावर त्यांचे चाहते वर्षानुवर्षं वाद घालत आहेत. विअर्ड अल यांकोविकने तर १९९२ मध्ये निर्वाणाच्या गाण्याचं विडंबनच केलं, तेही नेमकं याच मुद्द्यावर, की गाणं समजत नाही. परवानगी मागायला त्याने फोन केला, तेव्हा कोबेनने विचारलं, की गाणं खाण्यापिण्यावर असणार का? कारण यांकोविकची विडंबनं बहुधा तशीच असत. 'झेंडूची फुले'वर पोसलेल्या आपल्या लोकांना यातलं मर्म सांगायला नको. विडंबन झालं, की समजावं कवी लागला लायनीला.

एकदा मात्र नानांनी शांतपणे एक पूर्ण गाणं ऐकून घेतलं. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "आधी हळू. मग एकदम आरडाओरडा. मग काही झालंच नाही असं परत हळू. हे मी ऐकलंय. आपल्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा." पिक्सीजने ही हळू-मोठ्याने-हळूची रीत रूढ केली आणि आपण ती त्यांच्याकडून उचलली, हे कोबेनने स्वतः मोकळेपणाने कबूल केलं होतं. जगभरच्या समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. नानांनी ते एका वाक्यात, इतिवृत्तात नोंदवल्यासारखं आटपलं.

तर आता गुन्ह्याकडे वळू.

एप्रिल १९९४. बारावीची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता. ८ एप्रिलला सिएटलमधल्या घरी कोबेनचा मृतदेह सापडला. बातमी आमच्याकडे यायला दोन दिवस लागले आणि मला ती आमच्या एका दंतवैद्य मित्राने सांगितली. तेव्हा तो दंतवैद्य नव्हता, नुसताच दातांचा होता. त्याच्याकडे 'नेव्हरमाइंड'ची खरीखुरी, विकत घेतलेली कॅसेट होती. ती त्याने मला शोकाप्रीत्यर्थ एका रात्रीपुरती दिली. माझ्याकडे ती कॉपी करायला कोरी कॅसेट नव्हती. रात्रीचे अकरा वाजले होते. दुकानं बंद. शोक अनावर.

नानांच्या कपाटात, पांढऱ्या मलमलीच्या फडक्याखाली, चौतीस कॅसेटी होत्या. त्यातली एक नव्वद मिनिटांची मी काढली. तिच्या कागदावर नानांच्या वळणदार अक्षरात फक्त 'बुवा, दरबारी' एवढंच लिहिलं होतं. आता ज्यांनी कॅसेट हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन इवलाले प्लास्टिकचे चौकोन असत. ते सुरीच्या टोकाने मोडले, की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. आतला आवाज कायमचा सुरक्षित. नानांनी ते मोडलेले होते. म्हणजे त्यांनी कुलूप लावलं होतं. पण त्या दोन खड्ड्यांवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला, की कुलूप उघडतं. हे ज्ञान मला शाळेत नव्हतं मिळालं. मी टेप चिकटवली, नखाने नीट दाबली, डबल डेकच्या दोन खणांत दोन कॅसेटी घातल्या आणि बटण दाबलं. रिवाइंडसुद्धा केली नाही. ती जिथे थांबलेली होती तिथूनच.

काही दिवसांनी, एका रविवारी दुपारी, नाना आरामखुर्चीत डोळे मिटून दरबारी ऐकत होते. विलंबित एकताल. बुवा सावकाश, एकेका स्वराला पाट-रांगोळी करत चाललेले. अठराव्या मिनिटाला त्यांनी मुखडा उचलला. नानांचा उजवा हात समेसाठी वर गेला. आणि कर्ट कोबेनची गिटार आली, पाठोपाठ डेव्ह ग्रोलचे ड्रम.

नानांचा हात वरच राहिला. मी दारात उभा होतो. त्यांनी डोळे उघडले, गाणं बंद केलं नाही, आवाज कमी केला नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "समेवर तरी आणायचं होतंस."

त्या कॅसेटबद्दल ते त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत. आईने मात्र दोन दिवस जेवताना माझ्याकडे न बघता वाढलं, त्यावरून मला मालाची किंमत कळली. नारायण पेठेतल्या एका वाड्यातली ती खासगी बैठक होती. समोर वीस-पंचवीस माणसं, आणि ध्वनिमुद्रण एवढंच.

आता खरं म्हणजे या प्रकारानंतर माणसाला त्या संगीताची शिसारी यायला हवी. माझं उलट झालं. इतकं मोठं पाप करून मिळवलेली गोष्ट आवडून घ्यावीच लागते. मी तिच्यावर आणखी माणसं जोडत गेलो. पर्ल जॅम, साउंडगार्डन, स्मॅशिंग पम्पकिन्स, आणि १९९७ मध्ये 'ओके कम्प्युटर' आल्यावर रेडिओहेड. सौभाग्यवती आजही त्यांच्या गायकाचा, थॉम यॉर्कचा, उल्लेख 'तुमचा तो रडका' असा करते. रॉकबद्दल वाचायचं तर 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाचं मासिक होतं, जे १९९३ मध्ये कुठून सुरू झालं? मुंबई नाही, बंगळूर नाही. अलाहाबादहून. त्रिवेणी संगमावरून गिटारची बातमी यायची. गंगेचं पाणी यावं तशा भक्तीने आम्ही तो अंक एकमेकांना पाजायचो. ऑगस्टच्या पावसात आम्ही मुंबईला रंगभवनवर 'इंडिपेंडन्स रॉक'ला जायचो. तो १९८६ पासून चालत आलेला. मैदान उघडं, वर पाऊस, खाली चिखल, आणि आम्ही पुण्याहून नेलेली घडीची छत्री उघडावी की नाही या विवंचनेत. छत्री उघडली तर बंडखोर दिसत नाही, मिटली तर सर्दी. दंतवैद्याने उघडली होती. पुढे आयुष्यात तोच सगळ्यात यशस्वी झाला.

पेहरावाचंही सांगितलं पाहिजे. सिएटलकडे थंडी आणि पाऊस. तिथली पोरं जुन्या बाजारातून चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट आणायची, कारण ते उबदार आणि स्वस्त. आम्ही तेच शर्ट पुण्याच्या मे महिन्यात घातले. चाळीस अंशांत, बाह्या न दुमडता. माझ्या अंगावर घामोळं उठलं, आई पावडर लावताना म्हणाली, "तुमच्या या कपड्यांना काहीतरी म्हणतात ना?" मी म्हणालो, "ग्रंज." "म्हणजे?" "मळ," मी म्हणालो. तिने पावडरचा डबा खाली ठेवला आणि शर्ट थेट निरम्यात बुडवला.

पण या संगीताला पुण्यात खरी मान्यता मिळायला हवी होती, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो. निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच', १९८९. ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट. सतरा सेंटचा हिशेब ठेवणारी ही माणसं सदाशिव पेठेत सहज खपली असती. पुढचं ऐका. हे पैसे भरले जेसन एव्हरमन नावाच्या त्यांच्या मित्राने. त्याने त्या अल्बममध्ये एक तारही छेडलेली नाही. तरी मुखपृष्ठावर त्याचा फोटो आणि आत गिटारवादक म्हणून नाव. म्हणजे आपल्या गणपती मंडळाच्या फलकावर 'आधारस्तंभ' म्हणून ज्याचा फोटो असतो, तोच हा. लवकरच त्याला बँडमधून काढलं आणि पैसेही परत दिले नाहीत. इथे आपलं मंडळ आणि त्यांचं मंडळ यांत काडीचा फरक उरत नाही. तो गृहस्थ पुढे अमेरिकी सैन्याच्या विशेष दलात गेला आणि त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला. बुडीत कर्जाचा माणसावर इतका सखोल परिणाम झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

नानांनाही या मंडळींपैकी दोघं पसंत पडले होते. १९९४ च्या जूनमध्ये पर्ल जॅमचे स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट अमेरिकेच्या संसदीय समितीसमोर साक्ष द्यायला गेले. तक्रार अशी, की तिकीटमास्टर ही कंपनी तिकीटविक्रीतल्या मक्तेदारीच्या जोरावर वरचे आकार लावते, आणि आम्हाला तर तिकीट वीस डॉलरच्या आत ठेवायचंय. मी हे पेपरातून वाचून दाखवलं. नाना ग्राहक पंचायतीचे जुने कार्यकर्ते. ती चळवळच मुळी पुण्यात १९७४ साली सुरू झालेली. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. "साक्ष लेखी दिली का?" पुढच्या वर्षी सरकारने चौकशी गुंडाळली, तेव्हा घरातल्या घरात सगळ्यात जास्त वाईट त्यांनाच वाटलं. गाणं मात्र त्यांनी पर्ल जॅमचं एकही ऐकलं नाही. पक्षकार आवडणं वेगळं, त्याचा आवाज आवडणं वेगळं.

मानसशास्त्रज्ञ म्हणतात, की माणसाच्या आठवणींचा आलेख काढला तर साधारण दहा ते तीस या वयात एक फुगवटा दिसतो. त्या काळातली गाणी जन्मभर चिकटतात. आमच्या शनिवारच्या मंडळींकडे पाहिलं, तर दोन फुगवटे दिसतात, दुसरा शर्टाच्या चौथ्या बटणापाशी. आम्ही पाच जण महिन्यातून एकदा दंतवैद्याच्या गच्चीतल्या खोलीत जमतो, ताक पितो आणि सॉनिक यूथ लावतो. एकाला गेली सहा वर्षं कानात सतत शिट्टी ऐकू येते. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, इलाज नाही. तो म्हणतो, हरकत नाही, मला त्यात चाल सापडलीये.

मध्ये २०१९ साली बातमी आली, की कोबेनने 'अनप्लग्ड'च्या कार्यक्रमात घातलेला शेवाळी रंगाचा स्वेटर लिलावात तीन लाख चौतीस हजार डॉलरला गेला. सिगारेटने पडलेलं भोक आणि एक तुटलेलं बटण यांसकट. आणि तो कधी धुतलेला नाही, हे त्यात मुद्दाम नमूद केलं होतं. मी ही बातमी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो निरमा तिच्या डोळ्यांसमोर तरळला असावा.

आता आमची कन्या. वय सोळा.

एके दिवशी ती निर्वाणाचा टीशर्ट घालून आली. काळा, त्यावर पिवळा, डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला तो हसरा चेहरा. माझ्या आतला शिरस्तेदार जागा झाला. "तीन गाणी सांग," मी म्हणालो. तिने सात सांगितली, आणि त्यातली दोन अशी, जी सांगायला मला गूगल लागलं असतं. मग म्हणाली, "बाबा, तू हा प्रश्न फक्त मुलींना विचारतोस की सगळ्यांना?" मी ताक प्यायला गेलो.

खरं सांगायचं तर तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. मला वाटलं होतं, आवड पुढच्या पिढीत गेली की छाती भरून येईल. छाती भरून आली. पण ती दम्यासारखी. तीस वर्षं मी या संगीताच्या जोरावर घरात एकटा होतो. दार लावून घ्यायचं, हेडफोन चढवायचा, जगाला कळत नाही याचं सूक्ष्म सुख भोगायचं. आता जग दार न वाजवता आत येतं आणि म्हणतं, "बाबा, याच्यापेक्षा त्यांचं लाइव्ह व्हर्जन चांगलंय." रेडिओहेडचं 'लेट डाउन' हे १९९७ मधलं गाणं पोरांनी रीळांमधून उचलून धरलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा बिलबोर्डच्या शंभरात आलं. अठ्ठावीस वर्षांनी! मी कन्येला म्हणालो, मी हे गाणं आलं त्याच वर्षी ऐकलं होतं. ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही आलं शंभरात?" जणू मी मतदानाला गेलो नव्हतो.

मार्च २०२५ मध्ये ती मला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझाला घेऊन गेली. मी तिला घेऊन गेलो असं मला लिहायचं होतं, पण तिकिटं तिने काढली, रस्ता तिने शोधला आणि दादरहून टॅक्सीत बसवून मला 'फोन चार्ज आहे ना?' असंही तिनेच विचारलं. हा मेळा जेन्स ॲडिक्शनच्या पेरी फॅरेलने १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू केला, तो मुळात त्या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून. निरोप घेता घेता तो मुंबईला येऊन पोचलाय. आपल्याकडची उंबऱ्यातली निरोपाची बोलणी पाहता, यात मला नवल वाटलं नाही.

ग्रीन डे येणार होते. त्यांचा 'डुकी' हा अल्बम १९९४ चा; त्या नावाचा अर्थ मी नानांपासून तीन दशकं लपवून ठेवला आहे. संध्याकाळी चारपासून मी उभा. सवाई गंधर्व महोत्सवाला निदान भारतीय बैठक असते. माणूस मांडी घालतो, मांडी बदलतो, पाय लांब करून पुढच्याची क्षमा मागतो. इथे बसण्याची सोय म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. मी गुडघ्याला इलॅस्टिकची पट्टी घालून गेलो होतो, जीन्सच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ उभा होता, चौकड्यांचा शर्ट, केस उरलेले तेवढे लांब. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने हळूच विचारलं, "कोणती? टायनोर?" मी म्हणालो, "नाही, साधी मेडिकलमधली." त्यानंतर आम्ही दोघं जुने मित्र होतो.

ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता, आणि तो त्या मंचावर दीड तासाहून जास्त उड्या मारत होता. मी मोजून अकरा उड्या मारल्या. अकरावी उडी मारून खाली आलो तेव्हा कन्या माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर जो भाव होता तो मी ओळखला. दरबारी ऐकताना नाना डुलायला लागले, की माझ्या चेहऱ्यावर तो असायचा.

परतताना शिवनेरी बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. एक हेडफोन निसटून माझ्या मांडीवर पडला होता, तो मी कानाला लावला. म्हटलं बघू, आता हिचं काय चाललंय. तंबोरे. आणि मग तो आवाज. तुटक, टोकदार, अचानक वर जाऊन थांबणारा. कुमार गंधर्व.

मला जो धक्का बसला तो खंडाळ्याच्या घाटापर्यंत पुरला.

चौकशीत निष्पन्न झालं, की हे दोन महिने चालू होतं. दुपारी, मी ऑफिसात असताना, आजोबांच्या खोलीत, दार लावून. नानांनी तिला सांगितलं होतं, की १९६० च्या सुमाराला आकाशवाणीवर कुमार लागले, की त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रेडिओ बंद करायचे. 'हा काय तुकड्या-तुकड्यांनी गातो? घराणं कुठलं याचं?' असं म्हणायचे. नाना मग शेजारच्या वाड्यात, जिन्याखाली बसून ऐकायचे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेला माणूस, अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकतो आणि उठल्यावर सगळ्यांची झोप उडवतो. ही गोष्ट मला नानांनी कधीच सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. मी दार लावून बसलो होतो.

"आणि बाबा, तारखा बघ," कन्या म्हणाली. "तुझा 'नेव्हरमाइंड' एक नंबरवर गेला ती यादी अकरा जानेवारी ब्याण्णवची. कुमारजी गेले बारा जानेवारीला." मला ते दिवस आठवले. नाना तीन दिवस कोर्टात गेले नव्हते, घरात एकच तबकडी फिरत होती, आणि मी वैतागून कानात बोळे घालून अभ्यास करत होतो.

यानंतरचं ओघाने आलंच. मलमलीचं फडकं उचललं गेलं, चौतीस कॅसेटी बाहेर आल्या. कन्येने जुन्या बाजारातून एक टेप मिळवला आणि एकेक कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला घेतली. तिला त्यातली खरखर, कुणाचा तरी खोकला, कपबशीचा आवाज, हे सगळं भयंकर आवडलं. "किती लो-फाय आहे हे!" म्हणजे पेव्हमेंट आणि गायडेड बाय व्हॉइसेस या बँडांनी कौतुकाने जे मिळवलं, ते नारायण पेठेत खोकला आवरला न गेल्याने आपोआप मिळालं होतं. चौथ्या दिवशी ती 'बुवा, दरबारी' घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मुद्देमाल हातात. सेलोटेप पिवळी पडून कुरकुरीत झाली होती, पण जागची हलली नव्हती.

"हे तू केलंस?"

मी म्हणालो, मी अठरा वर्षांचा होतो, शोकात होतो, दुकानं बंद होती.

"बाबा, जगात याची दुसरी कॉपी नाहीये. 'नेव्हरमाइंड'च्या किती आहेत?"

तीन कोटींच्या आसपास, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. आतून नानांचा आवाज आला, "अगं, एकतीस वर्षं झाली. मुदतबाह्य आहे."

ती ऐकेना. तिने नानांच्या खुर्चीपाशी स्पीकर ठेवला आणि कॅसेट लावली. खरखर. तंबोरे. बुवा. आता नाना त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. डाव्या कानाला यंत्र आहे, ते त्यांनी काढून वाटीत ठेवलं आणि उजवा कान पुढे केला. मी दारात उभा राहिलो. ती जागा माझी ठरलेली. अठराव्या मिनिटाला बुवांनी मुखडा उचलला. नानांचा हात वर गेला, थोडा थरथरत. गिटार आली, ड्रम आले. या वेळी हात वर राहिला नाही. त्या गोंगाटातून शांतपणे खाली आला आणि खुर्चीच्या दांडीवर पडला. बरोबर जिथे पडायचा होता तिथे.

"दीड मात्रा आधी येतो तो पोरगा," नाना म्हणाले.

"ड्रमवाला?" कन्येने विचारलं. "आजोबा, तो आता छप्पन्न वर्षांचा आहे."

"मग आता तरी सुधारलाय का?"

तिने कॅसेट मागे घेतली आणि बोटांवर मात्रा मोजायला लागली.